अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरचं ‘स्टेटस’ ठरवणारी वेबसाइट: क्लिअरिंगहाऊस नेमकं कसं चालतं?

अमेरिकेत नव्या ट्रक ड्रायव्हरच्या हातात चावी देण्याआधी कंपनीला एका सरकारी वेबसाइटवर त्याचं नाव तपासावंच लागतं. उत्तर दोनपैकी एक येतं: ‘प्रोहिबिटेड’ किंवा ‘नॉट प्रोहिबिटेड’. पहिलं आलं तर तो माणूस त्या दिवशी ट्रक चालवू शकत नाही. अनुभव वीस वर्षांचा असला तरी नाही.

या डेटाबेसचं नाव ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाऊस. तो एफएमसीएसए, म्हणजे अमेरिकेची ट्रक-बस सुरक्षेची सरकारी संस्था, चालवते. २०१२ च्या कायद्याने तो करायला सांगितला आणि ६ जानेवारी २०२० पासून तो सुरू झाला. कमर्शियल लायसन्सवर अवजड ट्रक आणि मोठ्या बस चालवणारे सगळे यात येतात. कॅनडा आणि मेक्सिकोतून अमेरिकेत माल घेऊन येणारे ड्रायव्हरही सुटत नाहीत. कॅनडात ट्रक चालवणाऱ्यांत आपल्या देशातली, विशेषतः पंजाबची, किती पोरं आहेत हे तुम्ही रील्सवर पाहिलंच असेल. सीमा ओलांडून अमेरिकेत गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लागू आहे.

आधी काय व्हायचं? नवी कंपनी आधीच्या मालकांना विचारायची, की हा ड्रायव्हर कधी ड्रग टेस्टमध्ये सापडला होता का? पण आधीचे मालक कोण, हे सांगायचा स्वतः ड्रायव्हरच. ज्या कंपनीत पकडला गेला तिचं नाव अर्जात लिहिलंच नाही, की विषय संपला. ही पळवाट बंद करणं हा क्लिअरिंगहाऊसचा मूळ हेतू, आणि तो रास्त आहे. ३६ टनांचा ट्रक नशेत चालवणारा माणूस फक्त राज्य बदलून पुन्हा रस्त्यावर येऊ नये, याला कोण विरोध करेल?

आता रजिस्ट्रेशनकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मालकाला रजिस्ट्रेशन सक्तीचं. प्रत्येक क्वेरीमागे १.२५ डॉलर भरायचे. ड्रायव्हरला ते फुकट आहे आणि वरवर पाहता ऐच्छिकही आहे. पण नव्या नोकरीआधी ‘फुल क्वेरी’ लागते आणि तिला ड्रायव्हरने स्वतः लॉगिन करून संमती द्यावी लागते. संमती दिली नाही तर कंपनी त्याला गाडीवर पाठवू शकत नाही. म्हणजे बटण तुमच्या हातात, पण ‘नाही’ दाबलं तर पगार नाही. अ‍ॅप इन्स्टॉल करताना आपण ‘अलाऊ’ दाबतो ना, तसंच. फक्त इथे पणाला नोकरी असते. शिवाय ही संमती नोंद बघण्यासाठी आहे, नोंद करण्यासाठी नाही. अकाउंट नसलं तरी पॉझिटिव्ह टेस्ट तिथे जाऊन बसतेच.

एक गोष्ट मात्र मला डिझाइन म्हणून आवडली. कामावर असलेल्या ड्रायव्हरसाठी वर्षातून किमान एकदा ‘लिमिटेड क्वेरी’ करतात. तिच्यात फक्त एवढंच कळतं की नोंद आहे की नाही. तपशील दिसत नाही. काही सापडलं तर २४ तासांत फुल क्वेरी करायची, नाहीतर ड्रायव्हरला गाडीवरून उतरवायचं. आधी हो-नाही, मग गरज पडली तरच तपशील! आपल्याकडच्या किती अ‍ॅपना हे सुचतं?

स्वतःचाच एक ट्रक असणाऱ्यांची कथा थोडी विनोदी आहे. तो मालकही आणि ड्रायव्हरही, त्यामुळे दोन्ही भूमिकांत रजिस्टर व्हायचं, टेस्टिंग सांभाळणारी बाहेरची एजन्सी नेमायची आणि दरवर्षी स्वतःचीच क्वेरी पैसे भरून चालवायची.

माझा आक्षेप आत जाण्याच्या दारावर नाही, बाहेर पडण्याच्या दारावर आहे. एकदा ‘प्रोहिबिटेड’ झालात की मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासणी, त्याने सांगितलेले उपचार किंवा प्रशिक्षण, मग ‘रिटर्न टू ड्यूटी’ टेस्ट. ती निगेटिव्ह आली की स्टेटस बदलतं. पुढच्या १२ महिन्यांत अचानक घेतलेल्या किमान ६ टेस्ट वेगळ्या. तज्ज्ञाची फी द्यायचं बंधन मालकावर नाही. आणि रिटर्न टू ड्यूटी टेस्टला ड्रायव्हर स्वतःहून जाऊ शकत नाही, कुणीतरी मालकानेच पाठवावं लागतं. ज्याला नुकतंच कामावरून काढलंय, त्याला असा मालक कुठून मिळणार? २०२४ च्या अखेरीस १ लाख ७० हजारांहून जास्त ड्रायव्हर ‘प्रोहिबिटेड’ होते आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांनी परतीची प्रक्रिया सुरूच केलेली नव्हती. सगळे बेफिकीर असतील असं मला वाटत नाही.

त्यातच १८ नोव्हेंबर २०२४ पासून नियम आणखी कडक झाला. आधी ‘प्रोहिबिटेड’ माणसाचं प्लास्टिकचं लायसन्स खिशात शाबूत राहायचं. आता राज्याला ६० दिवसांत त्याचा कमर्शियल दर्जा काढून घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त पॉझिटिव्ह टेस्ट गांजाच्या असतात. अनेक राज्यांत गांजा कायदेशीर आहे, दुकानात मिळतो. पण या टेस्ट केंद्राच्या नियमाने होतात आणि तिथे राज्याचा कायदा किंवा डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. दारूची टेस्ट आत्ता शरीरात किती आहे ते सांगते. मर्यादा ०.०४ टक्के, म्हणजे १०० मिली रक्तात ४० मिलिग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्यात ती ३० आहे, आपलीच कडक! गांजाचं तसं नाही. त्याचे अंश लघवीत कित्येक दिवस सापडतात. शनिवारी घरी ओढलेला माणूस बुधवारी पूर्ण शुद्धीत असतो, तरी सापडतो. नियम माहीत असताना ओढला, हे खरं. पण ती टेस्ट ‘नशेत गाडी चालवली’ असं सांगत नाही, हेही तितकंच खरं.

नोंद ५ वर्षं राहते. पुढच्या सगळ्या टेस्ट त्याआधी संपल्या नसतील तर त्याहूनही जास्त. नोंद चुकीच्या नावावर गेली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण ‘टेस्टचा निकालच चुकीचा आहे’ ही तक्रार त्या अर्जात चालत नाही. त्यासाठी नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग वेगळ्या लॅबमध्ये तपासायला सांगावा लागतो, आणि डॉक्टरने निकाल कळवल्यापासून त्याला मुदत असते ७२ तासांची. डेटाबेसमध्ये नोंद पडल्याची सूचना मात्र, ड्रायव्हरने अकाउंट उघडून ईमेल निवडला नसेल तर, टपालाने घरच्या पत्त्यावर येते. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर तिथे कधी कधी तीन-तीन आठवडे नसतो.