पाणी जोखणारे आणि पाण्यात सापडणारे

पावसाळ्यात गंगेला पूर आला की पंचवटीतील माणूस सकाळी पहिला प्रश्न विचारतो, ''मारुतीला पाणी कुठवर आले?'' रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागले म्हणजे घाटावरचे विक्रेते सामान हलवू लागतात. ते कमरेपर्यंत चढले म्हणजे पलीकडच्या भांडी बाजारात आणि सराफ बाजारात धावपळ सुरू होते. २००८ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना या खुणेचे मोल सांगावे लागत नाही. मात्र मारुतीच्या कमरेला लागलेले पाणी हे काही तास आधी गंगापूर धरणातून सोडलेले असते. खरी बातमी धरणाच्या दारापाशी असते. घाटावर दिसतो तो तिचा परिणाम.

मोठ्या उद्योगांच्या परिभाषेत या पाणी जोखण्याला 'बाह्य परिस्थितीचे विश्लेषण' म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस अ‍ॅग्विलार यांनी १९६७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. आर्थिक, तांत्रिक, राजकीय आणि सामाजिक अशा चार दिशांनी वारे कसे वाहतात हे कंपनीने सतत पाहावे, असा त्याचा आशय. पुढे कायदा आणि पर्यावरण यांची त्यात भर पडली. व्यवस्थापनाचे विद्यार्थी आज ही सूत्रे पाठ करतात. विचार आपल्याला अपरिचित नाही. स्वारीवर निघण्यापूर्वी शक्ती, देश आणि काल यांचे बलाबल जाणून घ्यावे, हे कौटिल्याने अर्थशास्त्रात विस्ताराने मांडलेलेच आहे. प्रश्न विद्येचा नाही. ती कोणाच्या हाती आहे आणि तिचा लाभ कोणाला मिळतो, हा आहे.

नाशिकचेच उदाहरण घेऊ. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती बहरल्या त्या प्रामुख्याने वाहन उद्योगाच्या आधारे. महिंद्राची स्कॉर्पिओ येथे तयार होते. पूर्वी मायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. या दोन वटवृक्षांच्या सावलीत शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. म्हणजे नाशिकच्या कितीतरी घरांची चूल डिझेलवर पेटत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

१६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २००० सीसी व त्याहून मोठ्या डिझेल इंजिनांच्या मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. निकाल दिल्लीच्या हवेसाठी होता; हादरा नाशिकला बसला. महिंद्राने जानेवारी २०१६ मध्येच स्कॉर्पिओसाठी १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आणले. महिन्याभरात नवे इंजिन घडत नसते. कोणीतरी आधीपासून पाणी जोखत होते, हे उघड आहे. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का हरित अधिभाराच्या अटीवर ही बंदी उठली.

परंतु खरा पूर मागून येत होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली तफावत आटत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारत-५ हा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत-६ प्रदूषण मानके लागू करण्याचे ठरविले. लहान डिझेल मोटार महाग होणार हे स्पष्ट झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये मारुती सुझुकीने वर्षभरात डिझेल मोटारी बंद करण्याची घोषणा केली. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी जवळपास निम्म्या डिझेलच्या होत्या. दहा वर्षांत हा हिस्सा पाचव्या भागापर्यंत खाली आला.

यात गुप्त काय होते? काहीच नाही. दर, मानके, तारखा, सारे वर्तमानपत्रांत छापून येत होते. मात्र या निर्णयाचा माझ्या शेडमधील यंत्राशी काय संबंध, हे सांगणारे कोणी नव्हते. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी पगारी तज्ज्ञ असतात. छोटा उद्योजक स्वतःच मालक, स्वतःच हिशेबनीस आणि वेळप्रसंगी स्वतःच कामगार. यंत्राच्या कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात आणि पुढच्या महिन्याची मागणी किती, हे त्याला मागच्या महिन्याच्या शेवटी कळते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी २००६ साली केलेल्या कायद्याने पुरविलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले. हे योग्यच झाले. पण ज्या सुट्या भागाची मागणीच संपणार आहे, त्याची पूर्वसूचना देण्याचे बंधन कोणावर?

धरणातून पाणी सोडताना नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. मग ज्या कंपनीने पाच वर्षांपुढचे पाणी जोखले आहे, तिने आपल्या पुरवठादाराला भोंगा वाजवून का सांगू नये? व्यावसायिक गुपित फोडावे, अशी कोणाची मागणी नाही. अमुक भाग अमुक वर्षानंतर लागणार नाही, एवढे वर्षभर आधी सांगण्याची अट पुरवठ्याच्या करारात घालता येईल.

अर्थात, सारा भार दुसऱ्यावर टाकून चालणार नाही. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि कंटेनर अडकले. निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. शेतकऱ्याने येथला नियम मोडला नव्हता. तेथला नियम त्याला कोणी सांगितला नव्हता. याच जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या रूपाने शेतकऱ्यांनीच आपली कंपनी उभी केली. एकट्याला न परवडणारी तपासणी आणि बाजारपेठेचा अभ्यास संघटितपणे परवडतो, हे तिने दाखवून दिले. निमा, आयमा यांसारख्या उद्योजकांच्या संघटनांनी हाच मार्ग धरावा. कायदे, मानके, तंत्रज्ञान यांचे वाचन करणारी चार जाणकार माणसे सर्वांनी मिळून ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च एका यंत्राच्या महिन्याच्या हप्त्याहून फार अधिक नसेल.

हे तातडीने व्हावयास हवे. विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंजेक्टर लागत नाही. युरोपीय संघाने पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आयातीवर कार्बन उत्सर्जनाचा आकार लावण्याची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून अमलात आणली असून तीत साधे नट-बोल्टही येतात. धरणाची दारे उघडली आहेत. पाणी अद्याप मारुतीच्या पायांशी आहे, इतकेच.

एरवी दुतोंडेपणा हा दुर्गुण मानला जातो. घाटावरच्या मारुतीला मात्र दोन तोंडे शोभतात. मोठ्या उद्योगांनीही एक दृष्टी येणाऱ्या पाण्याकडे आणि दुसरी खालच्या काठावर राहणाऱ्यांकडे ठेवावी. वरचा सावध झाला आणि खालचा वाहून गेला, याला समाजाची प्रगती म्हणता येत नाही.