पट्टीवरची एक रेघ

"यूपीटी निगेटिव्ह." लघवीवरून केलेल्या गरोदरपणाच्या तपासणीचा निकाल म्हणून केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलेले हे दोन शब्द लॅबमध्ये काम करताना मी असंख्य वेळा वाचले आहेत. बहुतेकदा त्यांच्यापुढे वेळ नसते, सही नसते, किटचा लॉट नंबर नसतो. असाच एक कागद हातात घेऊन पोटदुखीची एक बाई रात्री कॅज्युअल्टीतून ॲसिडिटीचे इंजेक्शन घेऊन घरी गेली. सकाळी तिला उचलून आणले तेव्हा ती पांढरीफटक पडली होती आणि नाडी हाताला लागत नव्हती. नळीत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्त साठले होते. ती वाचली. पण रात्री काय चुकले, हे कुणी विचारले नाही. तपासणी केलेली होती आणि कागदावर उत्तरही होते.

त्या कागदाशी माझे भांडण आहे.

समोरच्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. ते म्हणतात, या तपासणीची पट्टी मेडिकलच्या दुकानात मिळते, बायका घरी बाथरूममध्ये तपासणी करून मोकळ्या होतात. 'निश्चय' किट घेऊन आशाताई गावोगाव फिरतात. जे घरी जमते त्यासाठी रुग्णालयात नोंदवही, प्रशिक्षण आणि कंट्रोल यांचे अवडंबर कशाला? वॉर्डातल्या सिस्टरला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही.

शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. बाकीचे मान्य नाही. घरी तपासणारी बाई पाळी चुकल्याचे जाणून असते, सकाळची पहिली लघवी घेते, स्वतःच्याच प्रश्नाचे उत्तर शोधते आणि ते पटले नाही तर चार दिवसांनी पुन्हा पट्टी आणते. रुग्णालयात तीच पट्टी रात्री अकरा वाजता, सलाईन चालू असताना, दुसऱ्याच माणसाच्या हातून वापरली जाते. तिच्या उत्तरावर सीटी स्कॅन करायचा की नाही, भूल द्यायची की नाही, मेथोट्रेक्सेट सुरू करायचे की नाही, हे ठरते. इथे चार दिवस थांबायला कुणी मोकळे नसते.

आणि लघवी कुठली असते, तेही पाहा. पोटाच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले हवे म्हणून बाईला लिटरभर पाणी प्यायला लावतात. मग लघवी लागली की त्याच पाण्यासारख्या लघवीत पट्टी बुडवतात. बहुतेक पट्ट्या मिलिलिटरमागे 25 मिली-आंतरराष्ट्रीय एकक एचसीजी हे गरोदरपणाचे संप्रेरक असेल तर रेघ दाखवतात. गर्भ नळीत असेल तर हे संप्रेरक मुळातच कमी असू शकते, त्यात पाण्याची भर. शंभर गरोदरपणांत एखाददुसरे असे गर्भाशयाबाहेरचे असते आणि नेमकी तीच बाई पोट धरून कॅज्युअल्टीत येते. म्हणजे ज्या रुग्णासाठी पट्टी सर्वांत महत्त्वाची, तिच्याच बाबतीत ती फसण्याची शक्यता जास्त.

यावर उत्तर मिळते, "पण सी लाइन तर आली होती." हा गैरसमज मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. सी लाइन, म्हणजे पट्टीवरची कंट्रोल रेघ, इतकेच सांगते की थेंब पट्टीवर वरपर्यंत चढले. लघवी पुरेशी दाट होती का, एचसीजी पकडणारी प्रतिपिंडे अजून काम करतात का, हे तिला कळत नाही. ही किटे साधारणपणे 30 अंशांच्या आत ठेवायची असतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पंखाही नसलेल्या स्टोअरमधल्या लोखंडी कपाटात त्या खोक्याचे काय होते? नवे खोके उघडल्यावर एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, लावून पाहिल्याशिवाय ते कळायचा मार्ग नाही. त्याला दहा मिनिटे लागतात.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती ऐकून माझे सहकारीही चकित होतात. दिवस बरेच गेलेले असतानाही पट्टी निगेटिव्ह येऊ शकते. पट्टीवर दोन प्रतिपिंडे असतात. एक रंग घेऊन धावते, दुसरे रेघेच्या जागी बसून असते. एचसीजीचा रेणू दोघांच्या मध्ये अडकला की रेघ उमटते. पण गर्भ काही आठवड्यांचा झाला की लघवीत अख्ख्या एचसीजीबरोबर त्याचा एक तुटका तुकडा, बीटा कोअर फ्रॅगमेंट, भरमसाट उतरतो. काही किटांत हा तुकडा एका प्रतिपिंडाला चिकटून जागा अडवतो, पण दुसऱ्याला तो ओळखूच येत नाही. मग अडकायचे काही उरत नाही आणि रेघ फिकी पडते किंवा येतच नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ॲन ग्रोनोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये रुग्णालयातल्या पट्ट्यांचा हा दोष दाखवून दिला. पुढे त्यांच्याच गटाने 11 किटे या कसोटीवर घासून पाहिली. सगळी सारखी निघाली नाहीत. म्हणून निविदेत सर्वांत स्वस्त किट निवडताना लॅबला विचारायलाच हवे. रक्तात हा तुकडा जवळजवळ नसतो, त्यामुळे शंका आली की रक्ताची तपासणी करावी. तीच लघवी पातळ करून पुन्हा लावली तर हरवलेली रेघ कधी कधी परत येते.

इथे माझ्याच बिरादरीतले लोक पुढे सरसावतात. मग वॉर्डातली पट्टी बंदच करा, सगळ्यांचे रक्त लॅबला पाठवा, असे ते म्हणतात. त्यांचेही मला पटत नाही. ग्रामीण रुग्णालयात रात्री बीटा एचसीजीचे मशीन कुठून येणार? नमुना जिल्ह्याच्या गावी जाऊन उत्तर येईपर्यंत पोटातला रक्तस्राव थांबून राहत नाही. चक्कर येऊन पडलेल्या बाईची पट्टी तीन मिनिटांत दोन रेघा दाखवते, तेव्हा सर्जनला फोन जातो, रक्ताच्या बाटल्या मागवल्या जातात. 1928 मध्ये बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक लघवी उंदरांना टोचून काही दिवसांनी त्यांचे बीजांडकोश तपासत. तिथून आपण तीन मिनिटांवर आलो आहोत. हे मिळवलेले घालवायचे नाही. पट्टी खाटेजवळच राहावी, फक्त तिला लॅबच्या तपासणीचा मान मिळावा.

तो मान द्यायचा म्हणजे काही कामे ठरवून करायची. घड्याळ लावून किटच्या कागदावर लिहिलेल्या वेळीच पट्टी वाचायची. अर्ध्या तासाने ट्रेमध्ये सापडलेली फिकी रेघ मोजायची नाही, कारण वाळलेली पट्टीही रेघ दाखवते. लघवी फार पातळ असेल तर उत्तर लिहिताना तसे लिहायचे. पाळी चुकली आहे, पोट दुखते आहे आणि पट्टी निगेटिव्ह आहे, तर पट्टीवर शंका घ्यायची, बाईवर नाही.

आणि पट्टीआधी विचारायचे. "लग्न झालंय का?" हा प्रश्न शेवटची पाळी कधी आली या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही. "माझं ऑपरेशन झालंय" हे उत्तरही पुरेसे नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित दिवस गेले, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता उलट वाढते. हे सासूसमोर, खाटेशेजारी गर्दी असताना विचारले तर खरे उत्तर मिळणार नाही. पडदा ओढायला अर्धा मिनिट लागतो. निकालही तिलाच आधी सांगायचा, व्हरांड्यातून ओरडून नाही.

आमच्या लॅबने कॅज्युअल्टीसाठी एक साधी वही केली. तिच्यात लॉट नंबर, वेळ, वाचणाऱ्याची सही आणि 'लक्षणांशी जुळते का?' असे चार रकाने आहेत. सुरुवातीला सगळ्यांनी नाके मुरडली. चौथा रकाना कित्येक दिवस कोराच राहायचा. मग एका रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरने त्यात लिहिले, "निगेटिव्ह, पण जुळत नाही. पोट कडक. सरांना कळवले, रक्त पाठवले." खाली वेळ होती, 1.20.