त्राँब्ले, आणि ओझानचं काय?

आमच्या माँट्रियलच्या टीममध्ये तीन त्राँब्ले आहेत. मेल पाठवताना हमखास चुकीच्या त्राँब्लेला जाते. "तुम्ही एकमेकांचे कोण?" असं एकदा विचारलं तर तिघंही हसले. "नातेवाईक असणारच, पण कितव्या पिढीतले ते विचारू नकोस." झालं, माझा शनिवार त्यात गेला.

'त्राँब्ल' म्हणजे फ्रेंचमध्ये अ‍ॅस्पेनचं झाड. जरा वारा आला की याची पानं थरथरतात, आपल्या पिंपळासारखी. अशी झाडं जिथे दाट, त्या जागेचं नाव त्राँब्ले आणि तिथून आलेल्या माणसाचंही तेच. म्हणजे फ्रेंच पिंपळगावकर! फ्रान्समध्ये या नावाच्या जागा अनेक आहेत, तेव्हा हे काही एका घराण्याचं नाव नाही. तरी नेटवर कुठल्याही आडनावाची 'घराण्याची ढाल' फ्रेम करून विकणारे आहेतच. असो.

गंमत अशी की फ्रान्समध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव मार्टाँ, तर क्वेबेकमध्ये त्राँब्ले. २००६ च्या सरकारी यादीनुसार तिथे शंभरात साधारण एक माणूस त्राँब्ले. आणि जवळजवळ सगळे एकाच जोडप्याचे वंशज. पेर्श भागातल्या रांदोने गावचा पिएर त्राँब्ले १६४७ मध्ये मजुरीचा करार करून क्वेबेकला आला. १६५७ मध्ये त्याचं ओझान आशोंशी लग्न झालं. ती ला रोशेलच्या बाजूची, त्याच वर्षी बोटीने आलेली. त्यांना बारा मुलं झाली. त्यातल्या चार मुलग्यांनी नाव पुढे नेलं. वंशज शार्लवुआत पसरले आणि १८३८ मध्ये तिथल्या एकवीस भागीदारांनी लाकडाच्या धंद्यासाठी सागने खोऱ्यात माणसं पाठवली, त्यांच्यामागून बाकीचे गेले. आज नकाशावर हे नाव सर्वांत गडद तिथेच दिसतं.

इथपर्यंत सगळं छान. पण या नकाशाकडे बघून लोक म्हणतात "पिएरचे वंशज", आणि मला तेच खटकतं. मुलं काय एकट्या पिएरची होती? प्रत्येक त्राँब्ले तितकाच ओझानचाही आहे. तिच्या मुलींची लेकरं तर नवऱ्यांच्या आडनावांखाली गेली, म्हणजे तीच माणसं, फक्त नकाशात दिसत नाहीत. आडनाव म्हणजे अशी क्वेरी, जी दर पिढीत अर्धा डेटा गाळते आणि तरीही निकाल पूर्ण असल्याच्या थाटात दाखवते. (क्वेबेकमध्ये १९८१ पासून लग्नानंतर बाईचं नाव कायद्याने बदलत नाही. मुलांना आईचंही आडनाव देता येतं. म्हणजे पुढचे नकाशे बनवणाऱ्यांची डोकेदुखी वाढणार आहे :-))

हा नुसता स्त्रीवादी हट्ट आहे असं वाटत असेल तर पुढचं वाचा. थोड्या कुटुंबांपासून वस्ती वाढली की काही दोषी जनुकंही वस्तीभर पसरतात. सागने भागात टायरोसिनीमिया नावाचा आजार आहे, लहान मुलांचं यकृत निकामी करणारा. तिथे सुमारे वीसपैकी एक माणूस त्याचा वाहक आहे. वाहक स्वतः ठणठणीत असतो. आई-बाप दोघेही वाहक निघाले, तर दर बाळंतपणात चारात एक वेळा मूल आजारी होण्याची शक्यता. दोष आईकडूनही येतो, बापाकडूनही. तो आडनाव विचारत बसत नाही.

म्हणून मूल होऊ देण्याआधी करायची वाहक-चाचणी तिथे २०१० मध्ये सुरू झाली, टायरोसिनीमियासकट चार आजारांसाठी. ती कोणाला मिळते? चार आजी-आजोबांपैकी एकाचा तरी जन्म सागने, शार्लवुआ किंवा शेजारच्या ओत-कोत-नोर भागात झालेला हवा. चौघांपैकी कोणीही चालतं, आईची आई धरून. माँट्रियलला वाढलेली, भलत्याच आडनावाची मुलगीसुद्धा त्यात येते. आणि फक्त आडनावाने त्राँब्ले असलेला, पण कुणीच आजी-आजोबा तिकडचे नसलेला माणूस येत नाही.

सोमवारी तिघांना मी वेगळंच विचारणार आहे: आईचं माहेरचं गाव कुठलं?