जादू रक्तात की वहीत?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत आलेला, पात्र घेऊन खेळायचा काल्पनिक खेळ. त्यातला 'विझर्ड' अभ्यास करून जादू शिकतो, सापडलेला नवा मंत्र आपल्या वहीत उतरवून घेतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आलेल्या 'सॉर्सरर'ची जादू मात्र उपजत. अनेकदा पूर्वजांतल्या ड्रॅगनच्या रक्तातून आलेली.

"ते रक्तातच असावं लागतं" हे आम्हाला नवं नाही. आरक्षणाचा विषय निघाला की मेरिटवाले हेच ऐकवतात.

पण खेळाचे नियम नीट वाचा. ड्रॅगनचा वंशज आणि विझर्ड, दोघेही पहिल्याच पातळीपासून सुरुवात करतात. शिवाय वंश खेळाडू स्वतः निवडतो. जात निवडायची सोय आपल्यापैकी कुणाला होती?

याच खेळात पूर्वी वंशानुसार ताकद, बुद्धी यांचे जादा गुण मिळत. त्यावर टीका झाली. २०२४ च्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्द गेला आणि ते गुण पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे त्याने आधी काय काम केलं याला, जोडले गेले. जन्मावरून लायकी हा माणसांनी लिहिलेला नियम होता. माणसांनीच तो खोडला.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीमागचा रक्तशुद्धीचा दावा मोडीत काढला. मग खरा प्रश्न उरतो तो वहीचा: ती पिढ्यानपिढ्या कुणाच्या हाती पडू दिली नाही? म्हणून वस्तीतली अभ्यासिका बंद पडता कामा नये.

जय भीम!