एकाच कथेचं पुस्तक

गेल्या आषाढात कराडहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "ताई, तुमची ती पिठाच्या गिरणीवाल्या बाईची कथा आता कुठे मिळेल? आईला वाचून दाखवायची आहे." कथा २००४ सालच्या एका दिवाळी अंकातली. वाचनालयातून आणलेल्या अंकात त्यांनी ती एकदाच वाचली होती, पण गिरणीच्या दगडाला टाकी लावतानाचा आवाज त्यांच्या कानात अजून होता. मला त्यांना काहीच सांगता येईना. तो अंक केव्हाच बंद पडला. त्यांच्या वाचनालयाने जुने अंक रद्दीत काढले होते. आणि ती कथा माझ्या कोणत्याही संग्रहात नव्हती.

फोन ठेवल्यावर मी मोजदाद केली. वीस-बावीस वर्षांत माझ्या एकतीस कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. त्यातल्या बारा संग्रहात गेल्या. बाकीच्या एकोणीस कुणाला वाचायच्या म्हटल्या, तरी वाचता येणार नाहीत. छापलेली गोष्ट अशी बेपत्ता व्हावी, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठी कथेला तेव्हापासून दरवर्षी हक्काची जागा मिळाली. आधी नियतकालिकात आणि मग संग्रहात, असा कथेचा प्रवास ठरून गेला. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आधी 'मौज'मध्ये आली, मग पुस्तकात. जी. ए. कुलकर्णींच्या कितीतरी कथा आधी 'सत्यकथा'च्या वाचकांनी वाचल्या. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, पण त्या कथा पुस्तकांमुळे राहिल्या. आज पहिली पायरी शाबूत आहे. दुसरीच निसटली आहे. "कथासंग्रह उचलले जात नाहीत, कादंबरी असेल तर बघू," हे वाक्य मी तीन प्रकाशकांकडून ऐकलं. त्यांचंही गणित असेल. पण त्या गणितापायी चांगली कथा मार्गशीर्षात रद्दीत जावी, हे मला मान्य नाही.

म्हणून मी गिरणीची कथा एकटीच, स्वतंत्र ई-पुस्तक म्हणून काढायचं ठरवलं. सहा हजार शब्दांची एक कथा, तिचं एक मुखपृष्ठ, तिचं एक नाव.

पहिला प्रश्न हक्कांचा. एका संपादकांनी मला पूर्वी ठणकावून सांगितलं होतं, "आमच्याकडे छापली म्हणजे ती कथा आमची." मी ते कित्येक वर्षं खरं मानलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा असं म्हणत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. आपल्याकडे दिवाळी अंकाचा व्यवहार बहुतेक वेळा फोनवर ठरतो. कथा पाठवली, अंक आला, मानधन आलं किंवा राहिलं. अशा कथेचे हक्क लेखकाकडेच असतात. संग्रहातल्या कथेचं मात्र वेगळं. तिथे करारपत्र काढून नीट वाचावं. करार एकाच आवृत्तीचा आहे की कायमचा, त्यात ई-पुस्तकाचा शब्द आहे का, हे पाहावं आणि शंका असेल तर प्रकाशकाला सरळ पत्र लिहावं. अंकातलं चित्र मात्र लेखकाचं नसतं. मला गिरणीचं ते जुनं रेखाटन हवं होतं, म्हणून मी चित्रकारांना शोधून काढलं, परवानगी घेतली आणि पैसेही दिले.

दुसरं काम मजकुराचं. मी समजत होते त्याहून ते फार मोठं निघालं. अंकाच्या डीटीपीवाल्यांनी जुनी फाइल मोठ्या मनाने शोधून दिली. ती श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधली होती. युनिकोडमध्ये बदलल्यावर पाहिलं तर रफार भलत्याच अक्षरावर गेलेले. 'सूर्य'चा 'सूयर्' झालेला. सर्वांत जास्त घात झाला होता तो आपल्या खास मराठी 'ऱ्या'चा. माझी गिरणीवाली लग्न होऊन भोरकडच्या दऱ्या ओलांडून येते. फाइलमध्ये ती दर्या ओलांडून आली होती. एका चिन्हाने डोंगरातली पोर समुद्रापार गेली. संगणकाचा शब्दतपासनीस इथे काही कामाचा नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. मी छापील अंक शेजारी ठेवला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि मग भाचीकडून मोठ्याने वाचून घेतली. चार संध्याकाळी गेल्या.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. अंक छपाईला जाताना शेवटच्या पानावर ऐनवेळी जाहिरात आली होती आणि माझा एक परिच्छेद गळला होता. माझ्या फुलस्केप कागदांवर तो होता. गिरणी बंद करताना बाई पट्टा उतरवते, हाताला लागलेलं पीठ पदराला न पुसता तसंच घेऊन घरी जाते, एवढाच तो परिच्छेद. वीस वर्षांनी मी तो जागेवर ठेवला. बाकी काही बदललं नाही. कथेत मोबाइल नाही, दळणाचे दर तेव्हाचे आहेत. ते तसेच राहू दिले. छापून गेलेल्या कथेला तिचा काळ असतो. तो पुसायचा हक्क लेखकालासुद्धा जपून वापरावा लागतो.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर कथा चढवणं हे तिसरं काम. तिथे २०१६ पासून मराठी पुस्तकं निघतात. लेखकाला ती स्वतःच चढवता येतात. आयएसबीएन सक्तीचा नाही. वाटा ३५ टक्के किंवा ७० टक्के मिळतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर त्यांच्या 'सिलेक्ट' योजनेत जावं लागतं. त्यात नव्वद दिवसांची अट असते: तेवढ्या काळात तीच कथा डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये. आता अनेक दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्या निघतात. तुमची कथा अजून तिथे विकत मिळत असेल, तर ही अट मोडते. घाई करून सही करू नये. मी त्या योजनेत गेले नाही. माझी कथा प्रतिलिपीवर किंवा कुणा वाचनालयाच्या संकेतस्थळावरही उद्या ठेवता यावी, असं मला वाटलं.

या सगळ्यात एक गोष्ट मी पहिल्यापासून पक्की ठेवली. वाचकाला आधी सांगायचं. पुस्तकाच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलं की ही एकच कथा आहे, साधारण पंचवीस पानांची. आत पहिल्या पानावर पूर्वप्रसिद्धी दिली: अंकाचं नाव, वर्ष, संपादकांचे आभार. जुन्या संग्रहांत कथेखाली नियतकालिकाचं नाव आणि साल छापायची चांगली रीत होती. ती ई-पुस्तकात सोडायचं कारण नाही. कथेचं नाव बदलून तिला नवी म्हणून विकणं ही फसवणूक आहे. पुढे पाच-सहा कथा एकत्र काढल्या, तर त्यातल्या कोणत्या सुट्या आधी आल्या आहेत, हेही लिहिलं पाहिजे. वाचक चहा-वड्याएवढे पैसे देतो, पण विश्वास पूर्ण देतो.

कुणी म्हणेल, एका कथेचं कसलं पुस्तक? मला आता उलटं वाटतं. संग्रहात कथा बारा जणींच्या पंगतीत बसते. सुटी असली की वाचक तिच्यासाठीच येतो, एका बैठकीत ती संपवतो आणि तिच्यासोबत थोडा वेळ राहतो. दिवाळीच्या दुपारी अंक उघडून आपण एकच कथा वाचायचो, तसंच हे आहे.

माझ्यासोबत लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. या पावसाळ्यात कपाटातली फाइल काढा, कोणती कथा कुठे आणि कधी आली याची यादी करा आणि एक कथा, फक्त एक, नीट तपासून वाचकापर्यंत पोचवा. लेखक आई-वडील गेले असतील, तर त्यांच्या मुलांनी हे करावं. मृत्यूनंतर ६० वर्षं ते हक्क वारसांचे असतात आणि ती जबाबदारीही त्यांचीच आहे. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा चाळा. आवडलेली कथा दिसली तर तिच्या पानांचे फोटो काढून लेखकाला पाठवा. कदाचित त्याच्याकडेही ती उरलेली नसेल.

कराडच्या बाईंना मी कथा पाठवली. त्यांच्या आईंचं वय चौऱ्याऐंशी आहे. टॅबवर अक्षर मोठं करून त्यांनी ती स्वतःच वाचली, वाचून दाखवावी लागली नाही.