वृक्षतोडीचे शिक्षण

झाड पाडण्यास शिक्षण लागते असे आम्ही म्हटले तर आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. कुऱ्हाड घरोघर आहे, बांधावर बाभळी व निंब उभे आहेत, आणि बाजारच्या दिवशी मजूर मिळतो. मग शिकावयाचे ते काय राहिले? हा समज घातक आहे, आणि पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत गावोगाव पोहोचल्यापासून तो अधिकच घातक झाला आहे, असे आमचे मत आहे.

ज्यांनी हे शिक्षण मनावर घेतले त्यांचे एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटन आपले बहुतेक लाकूड परदेशांतून आणीत असे. 1940 च्या एप्रिलमध्ये जर्मनीने नॉर्वेवर स्वारी केली, पाणबुड्यांमुळे समुद्रमार्गही धोक्याचे झाले, आणि कोळशाच्या खाणींतील टेकूंपासून तारेच्या खांबांपर्यंत सर्व लाकूड घरच्या जंगलांतून काढणे भाग पडले. पुरुष सैन्यात गेलेले होते. तेव्हा 1942 मध्ये ‘विमेन्स टिंबर कोअर’ नावाचे स्त्रियांचे वृक्षतोड दल उभारण्यात आले. त्यात कोणी दुकानात विक्री करणारी, कोणी कचेरीत टंकलेखन करणारी, अशा शहरच्या मुली पुष्कळ होत्या. अनेकींनी कुऱ्हाड पूर्वी हाती धरलेली नव्हती.

परंतु त्यांस एकदम रानात सोडून दिले नाही. इंग्लंडात सफोक परगण्यातील कल्फर्ड येथे व स्कॉटलंडात ब्रेकिन गावाजवळ शिक्षणाच्या छावण्या होत्या. तेथे सुमारे महिनाभर शिकवून मगच टोळ्या कामावर धाडीत. राहणे साध्या लाकडी खोपटांतून. पहिले काही दिवस तळहातांस फोड व सर्वांगास ठणका. कुऱ्हाडीस धार लावणे, फांद्या छाटणे, ओंडक्यांची लांबी व घेर मोजून हिशेब लिहिणे, घोड्यांकडून ओंडके ओढविणे, हे सारे त्या शिकल्या. दोघींनी मिळून चालवावयाची लांब करवत तर आपापल्या बाजूस ओढावयाची असते, ढकलावयाची नसते. ढकलली की पाते वाकते. जात्यावर बसलेल्या दोघींप्रमाणे लय साधावी लागते. (एवढे करून वेतन पुरुषांहून कमी, आणि 1946 मध्ये दल मोडले तेव्हा अंगावरचा गणवेशही परत मागितला गेला. हा कृतघ्नपणा आम्हांस मुळीच अनुकरणीय वाटत नाही.)

झाड पाडण्याची रीत अशी. ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस प्रथम खाच घ्यावी; ती बुंध्याच्या व्यासाच्या चतुर्थांशाइतकी खोल असावी. मग पाठीमागून करवत लावावी, ती खाचेच्या तळाहून किंचित वर. दोहोंच्या मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची पट्टी न कापता राखावी. ही पट्टी बिजागरीचे काम करते; झाड तिच्यावर वळून ठरल्या दिशेस जाते. ती कापली गेली म्हणजे झाड कोणाच्याच स्वाधीन राहत नाही. करवत अडकू नये म्हणून मागील कापात पाचर ठोकावी. आणि हे सर्व आरंभिण्यापूर्वी पाठीमागे तिरप्या दिशेने पळण्याची वाट साफ करून ठेवावी.

आमच्याकडे काय चालते? विहिरीकडे ओणवलेली बाभूळ असावी, खाच न घेता मागूनच करवत लावावी, आणि झाडाच्या उंचीहून आखूड दोर धरून चौघांनी समोरून ओढावे! असे ओणवे झाड अर्धवट कापताच खोड उभे चिरते आणि मागचा भाग उसळून कापणाराच्या छातीवर येतो. हातकरवतीने ही चूक होण्यास वेळ लागे. यंत्राने ती पापणी लवते न लवते तोच होते. ब्रिटनमध्ये आज मजुरीवर यंत्रकरवत चालवून झाडे पाडणाऱ्यास पात्रतेचा दाखला लागतो. आमच्या राज्यात ठरावीक जातींची झाडे तोडण्यास 1964 च्या कायद्यान्वये परवानगी घ्यावी लागते, ते योग्यच आहे. पण परवाना खिशात आहे म्हणून तोडणाराचा हात शिकलेला आहे असे थोडेच होते?

शिक्षक परदेशांतून आणावयास नकोत. मुंबई प्रांतात 1947 पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. ठाणे, नाशिक, धुळे या बाजूंस कूपतोडीत जन्म गेलेली माणसे आहेत. रब्बीची पेरणी आटोपल्यावर अशा दोघा-तिघांस बोलावून आमच्या संस्थेने आठ-दहा दिवसांचा वर्ग भरवावा, आणि शिकणाऱ्या मजुरांस त्या दिवसांची पूर्ण रोजी द्यावी. रोजी बुडवून कोणी शिकावयास येणार नाही. जे सभासद करवत भाड्याने देतात त्यांनी ती शिकलेल्या माणसाशिवाय देऊ नये. इतका खर्च सरपणाच्या किमतीतून निघत नाही अशी तक्रार येईल. तसे असेल तर ते झाड बांधावर आणखी काही वर्षे उभे राहू द्यावे.