घरच्या सुया, दवाखान्यातल्या सुया

परवा नात आली ती तोंडाला ओढणी बांधूनच. नागपूरच्या उन्हात सगळ्याच मुली बांधतात, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. पण घरात आल्यावरही सोडेना. शेवटी मीच सोडली, तर गालभर काळे डाग! मुरुमांचे खड्डे भरावेत म्हणून तिने ऑनलाइन डर्मारोलर मागवला होता, दीड मिलिमीटर सुयांचा. ताज्या मुरुमांवरूनच फिरवला, वर मैत्रिणीलाही वापरायला दिला.

"आजी, क्लिनिकमध्येही हेच करतात, फक्त हजारो रुपये घेतात."

हेच करतात? नाही गं बाई! सुईने कातडीच्या आतल्या थरात बारीक जखमा होतात आणि त्या भरताना शरीर नवं कोलॅजन तयार करतं, एवढीच यातली युक्ती. खड्डे भरायचे तर सुई साधारण दीड मिलिमीटर आत जावी लागते. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ आधी चेहरा तपासतात. मुरुम ताजे असतील तर थांबवतात, वण फुगण्याची प्रकृती असेल तर नाही म्हणतात. बधिर करणारं मलम, निर्जंतुक सुया, आणि दोन वेळांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर. घरच्यासाठी म्हणून मिळणाऱ्या रोलरची सुई ०.२ ते ०.३ मिलिमीटर. त्याने फार तर क्रीम थोडं जास्त मुरतं, खड्डे भरत नाहीत. म्हणजे हिशेब सरळ आहे : घरी त्यातल्या त्यात सुरक्षित, त्याने खड्डे जात नाहीत. ज्याने जातात, ते घरी करायचं नाही. त्यात आपली सावळी कातडी जखम झाली की काळा डाग ठेवते.

मग पार्लरमध्ये करावं? पैसे घेतले म्हणजे कुणी तज्ज्ञ होत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतला एक विनापरवाना स्पा २०१८ साली बंद झाला. तिथे चेहऱ्यावर सुया आणि रक्ताचा उपचार घेतलेल्या काही बायकांना बहुधा त्यातूनच एचआयव्ही झाल्याचं तिथल्या सरकारी संस्थेने २०२४ साली जाहीर केलं. तेव्हा प्रश्न घर की बाहेर हा नाहीच. सुई कुणाच्या हातात आहे, हा आहे.

खर्चाची भीती वाटते त्यांनी निदान आपल्या मेडिकल नाहीतर मेयोच्या त्वचारोग ओपीडीत आधी दाखवावं.

आता थोडं नातेवाइकांसाठी, कारण तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. मागे एका वास्तुशांतीला कुणीतरी तिला म्हणालं, "चेहऱ्याचं काही कर गं, स्थळं यायची आहेत आता." सगळे हसले. मी चौतीस वर्षं वर्गात पोरींना ताठ मानेने बोलायला शिकवलं, आणि त्या दिवशी पुरणपोळी वाढत गप्प बसले. रोलर तिने त्याच आठवड्यात मागवला.

डॉक्टर म्हणाले, डाग जायला काही महिने लागतील, उन्हापासून जपा. जपू. पण पुढच्या वेळी कुणी तसं बोललं, तर मी गप्प बसणार नाही. आधीच सांगून ठेवते.